आयएनएस ‘सुरत’ हे नाव का, आणि मराठवाड्यानं काय मागावं?

गंगाखेडच्या एका मुलानं प्रश्न विचारलाय. अग्निवीर भरतीची तयारी चाललीये त्याची. तो म्हणतो, ‘काका, आयएनएस सुरत या विनाशिकेला सुरतेचं नाव तिथल्या जहाजबांधणीच्या वारशामुळे दिलं, असं वाचलं. पण सुरत म्हटलं की आम्हाला साड्या, हिरे आणि शिवाजी महाराजांनी केलेली लूट एवढंच माहीत. तिथे जहाजं बांधायचे का? आणि मग आपल्या मराठवाड्यातल्या एखाद्या शहराचं नाव युद्धनौकेला का नाही? मागणी करायची तर कोणत्या शहराची करायची?’

मी नौदलात शिपराइट होतो. शिपराइट म्हणजे जहाजाच्या सांगाड्याची डागडुजी करणारा, अर्धा सुतार आणि अर्धा वेल्डर. त्यामुळे माझं उत्तर लाकडाच्या आणि पत्र्याच्या अंगानं जाणार, हे आधीच सांगून ठेवतो. भरतीच्या परीक्षेपुरतं हवं असेल तर पुढची माहिती लिहून घे, बाकीचं सवडीनं वाच.

‘सुरत’ ही प्रोजेक्ट १५-बी मधली चौथी आणि शेवटची विनाशिका. आधीच्या तिघी विशाखापट्टणम, मोरमुगाव आणि इम्फाळ. चारही मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या. सुरतेचा कणा, म्हणजे कील, नोव्हेंबर २०१९ मध्ये ठेवला. १७ मे २०२२ ला ती पाण्यात उतरली, आणि १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत पंतप्रधानांच्या हस्ते निलगिरी ही फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) आणि वागशीर ही पाणबुडी यांच्यासोबत नौदलात दाखल झाली. वजन सुमारे ७,४०० टन, लांबी १६३ मीटर, वेग ३० नॉटच्या वर. चार गॅस टर्बाइन. ब्रह्मोस आणि बराक ही क्षेपणास्त्रं.

आता नावाचं. नौदलात नावं वाटेल तशी ठेवत नाहीत, प्रत्येक जातीच्या जहाजाला ठरलेलं कूळ असतं. विनाशिकांना मोठ्या शहरांची नावं: दिल्ली, म्हैसूर, मुंबई, मग कोलकाता, कोची, चेन्नई, आणि आता या चौघी. त्याआधीच्या रशियन बनावटीच्या विनाशिका राजपूत, राणा, रणजित, रणवीर, रणविजय अशा होत्या, ते कूळच वेगळं. फ्रिगेटला डोंगर, नद्या किंवा शस्त्रं: निलगिरी, शिवालिक, सातपुडा, सह्याद्री, गोदावरी, गंगा, गोमती, तलवार, त्रिशूल, तेग. कॉर्व्हेटला, म्हणजे फ्रिगेटहूनही लहान युद्धनौकेला, लहान हत्यारं नाहीतर बेटं, खुकरी आणि किर्च तशा, कामोर्ता आणि कवरत्ती अशा. किनाऱ्याजवळ पाणबुड्या शोधणाऱ्या नव्या छोट्या नौकांना बंदरांची आणि सागरी किल्ल्यांची नावं देतायत, त्यात आपला अर्नाळा आहे, मालवण आहे. एका वर्गातल्या बहिणींची नावं शक्यतो एकाच अक्षरानं सुरू व्हावीत अशीही एक हौस दिसते, पण ती दरवेळी पुरी होत नाही. कोलकाता आणि कोचीच्या पंगतीत चेन्नई बसलीच ना!

नावं सुचवायला नौदलाच्या मुख्यालयात एक अंतर्गत समिती असते. ती वर्गाचं कूळ, जुन्या जहाजांची नावं, इतिहास असं सगळं बघून यादी करते, मग ती वर जाते. इम्फाळच्या नावाला २०१९ मध्ये थेट राष्ट्रपतींची मंजुरी होती. ईशान्येतल्या शहराचं नाव मिळालेली ती पहिली मोठी युद्धनौका. म्हणजे समुद्र जवळ असायला हवा अशी अटच नाही, हे लक्षात ठेव. इम्फाळला कुठला आलाय समुद्र? त्यांना नाव मिळालं ते दुसऱ्या महायुद्धातल्या इम्फाळच्या लढाईमुळे, आणि मणिपुरातल्याच मोइरांगला आझाद हिंद सेनेनं झेंडा फडकवला त्यामुळे.

नाव मिळेपर्यंत जहाज हे यार्डाचा एक नंबर असतं. सुरत ही यार्ड १२७०७. डॉकमधली माणसं वर्षानुवर्षं तिला त्याच नंबरानं ओळखतात. ड्रॉइंगवर नंबर, पत्र्याच्या गठ्ठ्यावर नंबर, गेटपासवरही नंबर. जलावतरणाच्या दिवशी नारळ फुटतो आणि नाव मोठ्यानं घेतलं जातं, तेव्हा ती नुसती ‘सुरत’ होते. पुढे आणखी दोन-अडीच वर्षं आतलं काम चालतं, केबल, पाइप, यंत्रं, समुद्रातल्या चाचण्या. कमिशनिंगच्या, म्हणजे नौदलात दाखल होण्याच्या दिवशी झेंडा चढतो आणि त्या क्षणापासून नावाआधी ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) लागतं. त्याच्या आदल्या दिवशी कुणी आयएनएस सुरत म्हटलं तर जुना चीफ, म्हणजे अनुभवी वरिष्ठ नौसैनिक, त्याला हमखास टोकतो.

आता मुद्द्याचं, सुरतेत जहाजं बांधायचे का?

बांधायचे, आणि अशी बांधायचे की इंग्रजांनी तिथले सुतार उचलून मुंबईला आणले. नौदलानं सुरतेची ओळख करून देताना म्हटलंय की सोळाव्या ते अठराव्या शतकात तिथे बांधलेली जहाजं शंभर-शंभर वर्षं टिकायची म्हणून नावाजलेली होती. पुस्तकात हे एका ओळीत येतं आणि पोरं पाठ करून पुढे जातात. पण शंभर वर्षं टिकतं म्हणजे काय, हे लाकडाला हात लावलेल्या माणसाला विचार. खाऱ्या पाण्यात लाकूड तीन बाजूंनी मरतं. एक तर किडा, जहाजाच्या तळाला भोकं पाडून आत घर करणारा. दुसरी गोष्ट म्हणजे सांधे, लाटेच्या प्रत्येक हिसक्यानं सैल होत जाणारे. आणि तिसरे खिळे. लाकडापेक्षा खिळ्यानं जहाजं जास्त मारली असतील.

युरोपात जहाजं ओकच्या लाकडाची. ओकमध्ये एक प्रकारचं आम्ल असतं, ते लोखंडाला खातं. खिळा गंजतो, भोक मोठं होतं, फळी हलायला लागते. सुरतेचे सुतार साग वापरायचे. सागात तेल असतं. खिळा आत शिरला की त्या तेलात तो जपला जातो, आणि किडाही सागाच्या वाटेला सहजी जात नाही. आपल्याकडे किनवटच्या जंगलातला साग ज्यानं कापलाय त्याला करवतीला लागणारा तो तेलकटपणा आणि त्याचा वास सांगायला नको. मी स्वतः डॉकमध्ये जुन्या सागाच्या फळीतून खिळा उपटलाय. वरचा टोपीचा भाग गंजून गेलेला, आणि लाकडात बुडालेली दांडी जवळजवळ कोरीच.

लाकूड अर्धं काम करतं, उरलेलं सांधा करतो. युरोपातले कारागीर फळीला फळी नुसती कडेला कड लावून ठोकायचे, आणि मधल्या फटीत दोरखंडाचा चोथा आणि डांबर ठासायचे. ही ठासण काही काळानं सुटते, पुन्हा ठासावी लागते, जहाज दर थोड्या वर्षांनी काठावर घ्यावं लागतं. सुरतेचे लोक फळीच्या कडेला लांबच लांब खाच काढायचे आणि शेजारच्या फळीची कड तिच्यात बसेल अशी तासायचे, आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराच्या फळ्या एकमेकींत बसवतात तशी. मधे कापूस आणि राळ. फळ्या आवळल्या की सांधा इतका घट्ट की पाण्याला वाटच उरत नाही. अठराव्या शतकात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी हे बघून लिहून ठेवलंय. वाचायला हे सोपं वाटतं. पण जहाजाची फळी सरळ नसते रे, ती पोटाच्या गोलाईबरोबर वळते आणि पिळतेसुद्धा. सरळ पाटाला खाच काढणं वेगळं, आणि वीस हात लांबीच्या वळत्या-पिळत्या फळीला टोकापासून टोकापर्यंत सारखी खाच काढणं वेगळं. एका कडेला गेरू चोळायचा, फळी दाबून बघायची, उचलायची, जिथे गेरू उमटला तिथे उंचवटा आहे असं समजून पटाशी मारायची, पुन्हा दाबायची. पुन्हा उचलायची. अख्ख्या जहाजाच्या अख्ख्या पोटाला हे करायचं. यात घाई करणारा माणूस दोन दिवसांत ओळखू येतो.

असे सुतार ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, ते गाव. वारसा म्हणतात तो हा.

यातल्याच एका घरातला लवजी नुसेरवानजी वाडिया. पारशी माणूस, सुरतेच्या कंपनीच्या गोदीतला मुकादम. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला काही सुतारांसकट मुंबईला आणलं, कारण मुंबईत गोदी उभी करायची होती आणि करणारी माणसं सुरतेत होती. १७५० मध्ये मुंबईची पहिली कोरडी गोदी तयार झाली. त्याच्या वंशजांनी तिथे नुसती व्यापारी जहाजं नाही, इंग्लंडच्या शाही नौदलाची लढाऊ जहाजं बांधली. १८१० मध्ये ७४ तोफांचं ‘मिंडेन’. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’, जिच्या डेकवर १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंडमधला नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’, मलबारी सागाची. ही ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. दोनशे वर्षं उलटून गेली की! आता सांग, शंभर वर्षं टिकायची ही बढाई वाटते का?

त्या जुन्या गोद्या आज मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डाच्या आत आहेत. दगडी पायऱ्यांच्या, खोल, वाफाळ. तिथे काम करताना आमच्यातल्या कुणाला लवजीची आठवण व्हायची असं मुळीच नाही. आठवण व्हायची ती कँटीनच्या वेळेची. पण माझ्या मते या नावाची खरी बैठक इथे आहे. मुंबईला जहाज बांधायला सुरतेनं शिकवलं, आणि मुंबईत बांधलेल्या जहाजाला सुरतेचं नाव मिळालं. जहाजाच्या बोधचिन्हावर सुरतेजवळच्या हजिऱ्याचा जुना दीपस्तंभ आणि गीरचा सिंह घेतलाय. सिंह राज्याचा म्हणून ठीक आहे, पण माझ्या हातात असतं तर मी तिथे सुताराची पटाशी घातली असती. ते बोधचिन्ह नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरत शहरातच समारंभानं खुलं केलं. ज्या शहराचं नाव त्याच शहरात बोधचिन्ह, असं पहिल्यांदाच घडलं. मे २०२५ च्या सुरुवातीला जहाज हजिऱ्याच्या बंदराला जाऊनही आलं. खुद्द शहरात ते जाऊ शकत नाही. तापीत तेवढं पाणी नाही, आणि पूर्वीही मोठी गलबतं जवळच्या सुवालीच्या किनाऱ्यालाच नांगर टाकायची, माल होड्यांनी नाहीतर बैलगाड्यांनी शहरात यायचा. तापी गाळानं भरत गेली, मुघलांची सत्ता ढिली पडली, कंपनीचा कारभार मुंबईला सरकला, आणि सुरतेची गोदी मागे पडली.

आता लुटीबद्दल. जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत मारली, ती सुरत मुघलांचं सगळ्यांत श्रीमंत बंदर होतं म्हणूनच. मक्केला जाणारी जहाजं तिथून सुटायची. औरंगजेबाचं स्वतःचं मोठं जहाज ‘गंज-ए-सवाई’ सुरतेचंच, १६९५ मध्ये मक्केहून परतताना हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्यानं ते लुटलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. एवढा मोठा व्यापार करणाऱ्या शहरात जहाजं बांधणारे नसतील का, एवढाच विचार केलास तरी तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. आणि १६६४ हेच साल मराठी आरमारालाही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. काही जण विचारतात, महाराजांनी लुटलेल्या शहराचं नाव महाराजांची मुद्रा मिरवणाऱ्या नौदलानं कसं ठेवलं? २०२२ मध्ये नौदलाच्या झेंड्यावर जो अष्टकोन आला तो महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलाय, हे खरंच. पण महाराजांचं भांडण मुघलांच्या तिजोरीशी होतं, सुताराशी नव्हतं. यावर याहून जास्त वेळ घालवू नये.

मराठवाड्याकडे येतो.

‘आपल्याकडे समुद्र नाही म्हणून आपला संबंध नाही’ हे आपण स्वतःच म्हणत बसतो. आपल्याकडची पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात आणि प्रशिक्षणातल्या पोहण्याच्या चाचणीत किनाऱ्यावरच्या पोरांच्या तोडीस तोड असतात, ते एक सोड. इतिहास बघ. बंदर एकटं कधीच मोठं होत नाही, त्याच्या मागचा मुलूख त्याला मोठा करतो. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री वाटाड्यात दख्खनमधल्या दोन बाजारपेठांची नावं खास घेतलीत: पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. पैठणहून गोमेदासारखे खडे, तेरहून सुती कापड, गाड्यांवर लादून वाटा नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. भडोच आणि सुरत यांच्यात अंतर ते किती! सातवाहनांच्या एका राजानं, यज्ञश्री सातकर्णीनं, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र असलेली नाणी पाडली. त्यांची राजधानी आपलं पैठण. पुढे मुघलांच्या काळात सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारी वाट औरंगाबादवरून जायची. १६६६ मध्ये थेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी तिनंच आला आणि जाताना वेरूळ बघून गेला. म्हणजे सुरतेच्या जहाजात चढणारा काही माल आपल्या अंगणातून गेलेला आहे.

आणि जहाजाचं म्हणशील तर अजिंठ्याला चल. लेणे क्रमांक २ मध्ये एक जहाज रंगवलंय. तीन डोलकाठ्या, दोन्ही टोकं उंच, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळा, डेकवर ओळीनं रांजण. सहलीत शाळेची मुलं त्याच्यासमोरून चालत जातात आणि गाईड पद्मपाणीकडे घाई करतो. पण नौदलानं ते चित्र पाहिलंय. पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या जहाजाच्या चित्रावरून एक खरंखुरं जहाज बांधलं गेलं, शिवलेलं जहाज, आयएनएसव्ही कौंडिण्य. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची एक जहाजबांधणी कंपनी यांचा २०२३ मध्ये करार झाला, केरळच्या पारंपरिक कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या, नारळाचा काथ्या आणि राळ यांनी सांधे बुजवले, आणि २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात आलं. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघालं.

माझ्यासारख्याला यातली खरी गंमत कुठे वाटते सांगू? चित्रात जहाजाचं पाण्याखालचं पोट दिसत नाही. चित्रकारानं वरचं दाखवलं, कारण गोष्ट वर घडतेय. पण जहाज बुडणार की तरणार हे खालच्या पोटावर ठरतं. तळ किती सपाट, कडा किती उभ्या, वजन कुठे ठेवायचं, शीड किती मोठं असलं म्हणजे ते कलंडणार नाही, यातलं काहीही त्या भिंतीवर नाही. नकाशा नाही, मापं नाहीत. ते सगळं अनुमानानं काढावं लागलं, छोटी प्रतिकृती करून आयआयटी मद्रासला पाण्यात चाचण्या घ्याव्या लागल्या. शिवलेल्या जहाजाला आतून खिळ्यांचा आधार नसतो, ते लाटेबरोबर थोडं वाकतं. आमच्या पोलादी डोक्याला हे पचायला वेळ लागतो. आम्हाला वाकणं म्हणजे दोष वाटतो. तिथे तोच गुण आहे.

तू म्हणशील, लाकडाचं काय घेऊन बसलात, सुरत तर पोलादाची आहे. खरंय. देशी बनावटीचं डीएमआर २४९-ए पोलाद, जहाजाचे मोठमोठे ठोकळे वेगवेगळ्या जागी तयार करून माझगावला जोडलेले. तरी एक बघ. आजच्या कोणत्याही युद्धनौकेवर चढलास तर बाजूच्या भिंतींना चौकोनी लाकडी वासे पट्ट्यांनी बांधून ठेवलेले दिसतील, आणि शेजारी पाचरांची पेटी. ते शिपराइटचं सामान. जहाजाला भोक पडलं, शेजारच्या कप्प्यात पाणी भरलं, की मधली पोलादी भिंत फुगायला लागते. ती फुटली तर पुढचा कप्पा गेला. तेव्हा वासा कापायचा आणि भिंतीला टेकू द्यायचा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर याचं शिक्षण देतात. खोट्या कप्प्यात खरं गार पाणी सोडतात, दिवे घालवतात, आणि छातीपर्यंत पाण्यात उभं राहून करवत चालवायला लावतात. वासा मापापेक्षा थोडा आखूडच कापायचा, उरलेली जागा पाचरांनी भरायची. पाचरा दोन, समोरासमोर, आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हातोडा मारायचा, नाहीतर वासा सरकतो. लोखंडी टेकूही असतात, पण आमचे जुने उस्ताद लाकडावर विश्वास ठेवायचे. लाकूड मोडण्याआधी करकरतं. लोखंड न सांगता वाकतं. त्यामुळे सुरतेचा सुतार पोलादी सुरतेवर पूर्ण परका नाहीये.

तर मागणी कुणाची करायची? माझं मत विचारतोस तर शहराची करू नकोस. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड यांच्या चाहत्यांनी आधीच भांडायला सुरुवात केली असेल, आणि विनाशिका काही दर वर्षी बांधल्या जात नाहीत. शिवाय शहराच्या नावामागे नुसतं ‘आमचं आहे’ एवढं कारण पुरत नाही, हे तू सुरत आणि इम्फाळ दोन्हींवरून बघितलंस. आपला हक्क जिथे कुळाच्या नियमात बसतो तिथे मागावं. फ्रिगेटला डोंगररांगा चालतात, तर अजिंठा रांग आहे, बालाघाट आहे. सह्याद्री आणि सातपुडा गेले, यांना कोण नाही म्हणतंय? आणि सगळ्यांत आधी मागावी ती गोदावरी.

तू गंगाखेडचा, घाटावर खेळलेला. तुझ्या नदीच्या नावाची युद्धनौका होऊन गेली हे तुला शाळेत कुणी सांगितलं नसेल. एकदा नाही, दोनदा. पहिली १९५३ मध्ये इंग्रजांकडून घेतलेली जुनी एस्कॉर्ट विनाशिका. दुसरी आपली, माझगावला बांधलेली, १० डिसेंबर १९८३ ला दाखल झालेली फ्रिगेट. एकाच जहाजावर रशियन क्षेपणास्त्रं, पाश्चात्त्य यंत्रं आणि भारतीय यंत्रणा एकत्र नांदवण्याचा उद्योग त्या गोदावरीवर झाला. त्यात किती डोकी तापली असतील ते त्या डोक्यांनाच माहीत, वीजपुरवठ्यापासून प्लगपर्यंत सगळ्यांची मापं वेगळी. दोन सी किंग हेलिकॉप्टरं ती पोटात घेऊन फिरायची. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंड झालं, बंडखोर ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ नावाच्या मालवाहू जहाजातून पळाले, तेव्हा त्यांना भर समुद्रात गाठून अडवणाऱ्या जहाजांत गोदावरी होती. २३ डिसेंबर २०१५ ला ती निवृत्त झाली.

नौदलात चांगलं नाव वाया घालवत नाहीत. खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला कॅप्टन मुल्लांसह बुडाली, आणि १९८९ मध्ये नवी खुकरी आली. निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी या साठ-सत्तरच्या दशकांतल्या मालिकेतल्या नावांनी आता नव्या फ्रिगेट आल्यात. त्यामुळे गोदावरीचं नाव पुन्हा लागण्यात अडचण अशी काही नाही, फक्त त्र्यंबकपासून राजमहेंद्रीपर्यंत तिच्या काठावरच्या कुणीतरी ते लावून धरायला हवं. पैठण, गंगाखेड, नांदेड यांनी एकत्र धरलं तर आणखी बरं. आणि एक गंमत सांगतो, ती चर्चेत वापर. आपल्या वेरूळ-अजिंठ्याची नावं युद्धनौकांवर आधीच आहेत. शत्रूचे रडार पकडणाऱ्या भारतीय बनावटीच्या यंत्रणांची नावं ‘अजंता’ आणि ‘एलोरा’ ठेवलीत. गोदावरीवर अजंता होती. गोदावरी नावाच्या जहाजावर अजंता नावाचं यंत्र, आणि परभणी-बीडच्या पोरांना त्याचा पत्ता नाही!

शहराच्या किंवा नदीच्या नावानं त्या भागाला काय मिळतं, असाही प्रश्न लोक करतात. रस्ता मिळत नाही, कारखाना मिळत नाही. जहाजाचे अधिकारी कधीतरी शहराला भेट देतात, शहर त्यांना काहीतरी भेटवस्तू देतं, ती वॉर्डरूमच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसच्या, भिंतीवर लागते. शाळेतल्या मुलांना जहाज बघायला बोलावतात. दहा-बारा मुलांच्या डोक्यात नौदल शिरतं, त्यातली दोन भरतीला येतात. एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

शेवटी तू फोनवर जे विचारलंस तेही इथे लिहितो, कारण आणखी पोरांना तोच गैरसमज आहे. आयएनएस सुरतवर सुरतेचीच मुलं असतात का? अजिबात नाही. साधारण तीनशेच्या घरात माणसं असतात आणि ती सगळ्या देशातून येतात. पोस्टिंग तुझ्या ट्रेडवर, म्हणजे कामाच्या शाखेवर, प्रशिक्षणावर आणि जहाजाला कोण हवंय त्यावर ठरतं, गावावर नाही. चिल्काच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलास की सुरत मिळेल, इम्फाळ मिळेल, नाहीतर एखादी जुनी नौका मिळेल जिचं नाव घरी कुणाला उच्चारता येणार नाही. ट्रेड निवडायची संधी आली आणि हाताला काम आवडत असेल, तर हल विभागाचा, म्हणजे जहाजाचा सांगाडा सांभाळणाऱ्या आमच्या विभागाचा, विचार कर. सध्या पोरं सगळी इलेक्ट्रिकल आणि रडारकडे धावतात. गणित मात्र आत्तापासून सुधार, त्रिकोणमिती विशेषतः; वासा किती आखूड कापायचा ते तिथूनच येतं.